घरचं गिऱ्हाईक

मला कुणी 'तुम्ही काय, घरचेच' असं म्हटलं की मी आता सावध होतो. पूर्वी खूश व्हायचो, छाती दोन बोटं पुढे यायची. ह्या एका शब्दापायी मागच्या उन्हाळ्यात माझी मोटारसायकल चाळीस दिवस एका शोरूमच्या मागच्या पत्र्याखाली धूळ खात पडली आणि रिहे गावातल्या एका बाईची एकुलती एक गाय पणाला लागली. झालं तसं लिहितो. कुणाला सूर कडवट वाटला तर वाटू दे, तो आहेच.

मी गाईम्हशींना कृत्रिम रेतन करतो. लोक डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षांत कुणाचं तोंडही धरलेलं नाही. घर माणला. माणमध्ये आता गोठे उरले नाहीत. आमच्याच गोठ्याच्या जागी चार खोल्या उभ्या आहेत आणि त्यांत कंपन्यांत कामाला जाणारी पोरं भाड्यानं राहतात. त्यामुळे माझी सगळी गिऱ्हाइकं गावाबाहेरच्या खिंडीच्या पलीकडची, घोटवडे, रिहे, मुलखेड ह्या बाजूची. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर नायट्रोजनचं कॅन बांधायचं, त्यात गोठवलेल्या रेताच्या कांड्या, आणि फोन येईल तिकडे निघायचं.

ह्या धंद्यात एकच गोष्ट महत्त्वाची, वेळ. गाय माजावर येते एकवीस दिवसांनी आणि माज टिकतो जेमतेम एक दिवस. सकाळी फोन आला तर संध्याकाळच्या आत पोचावंच लागतं. नाही पोचलो तर पुन्हा एकवीस दिवस थांबा. तेवढे दिवस ती नुसती खाते, आणि ज्याच्या घरी एकच गाय आहे त्याच्या ते पोटावर येतं. गाईला 'उद्या येतो' म्हणून सांगता येत नाही. म्हणून माझी गाडी चालू असणं ही माझी एकट्याची गरज नव्हती.

गाडी मी पहिल्यापासून घोटवडे फाट्यावरच्या एकाच माणसाकडून घेत आलो. त्याच्या वडिलांनी रस्त्याकडेची जमीन विकली होती, उरलेल्या तुकड्यावर ह्यानं काचेचं शोरूम टाकलं. मी त्याच्याकडून तीन गाड्या घेतल्या. थोरल्या भावाला एक घ्यायला लावली, चुलतभावाला एक. आणि खोऱ्यातली गिऱ्हाइकं किती पाठवली त्याची तर गणतीच नाही. गाईच्या पोटात माझा हात कोपरापर्यंत असायचा आणि मालक शेपटी धरून विचारायचा, डाक्टर, गाडी कुणाकडनं घेऊ? मी हात न काढता सांगायचो, फाट्यावर जा, माझं नाव सांग.

ह्यात मला काय मिळायचं? पैसा नाही, मी कधी मागितलाही नाही. मला मिळायची केबिन. बाकीची गिऱ्हाइकं बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर नंबर लावून बसायची आणि शेठ मला काचेतून खूण करून आत घ्यायचा. चहा यायचा. शेठ पंख्याचं तोंड माझ्याकडे करायचा. बाहेरचे आत बघतायत हे मला पाठीनं कळायचं. एवढ्यावर माणूस वीस वर्षं विकला जातो, हे मी स्वतःवरून सांगतो.

जुनी गाडी थकली तेव्हा शेठनंच नवं मॉडेल गळ्यात मारलं. जुनीला काहीही झालं तरी घोटवड्यातला मेकॅनिक तारेच्या तुकड्यावर आणि शिव्यांवर ती चालू करून द्यायचा. नवी घेऊन पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो तर तो दोन्ही हात मागे बांधून तिच्याभोवती फिरला. म्हणाला, ह्याला आता लॅपटॉप लागतुया डाक्टर, आमाला हात लावायची सोय न्हाई. मला वाटलं, नव्या गोष्टीवर जळतोय.

ती गाडी एप्रिलच्या सुरुवातीला रिह्याच्या रस्त्यावर बंद पडली. बटण दाबलं की पेट्रोलच्या टाकीतून जो बारीक घुं असा आवाज येतो, तो येईना. टाकीतला पंप गेला होता. टेम्पोत घालून फाट्यावर नेली. काउंटरवर एक बाई असायची, शहरातून यायची, नीट काम करायची. तिनं जॉब कार्डाचं, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचं पुस्तक पुढे ओढलं आणि गाडीचा नंबर विचारला. एवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आला.

"डाक्टरांचं कसलं कार्ड करतीस?" तो म्हणाला. "घरचं मानूस हाय. कागद बाहेरच्यास्नी."

बाईनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं तिला, आता कळतं. मी हसलो. हसलो म्हणजे नुसता हसलो नाही, वर म्हणालो की राहू द्या ताई, आमचं कुठं कागदावर असतंय. बाहेर खुर्चीवर बसलेल्या दोघातिघांनी ऐकलं आणि मला बरं वाटलं. पुस्तक मिटलं. मी आत जाऊन चहा प्यायलो. शेठ म्हणाला, ऑर्डर टाकतो, चार दिवसांत पंप येईल, तोवर बाहेर कुणाला टाकी उघडू देऊ नका, वॉरंटी जाईल. मी म्हणालो, छे, तुमच्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही.

चार दिवसांनी फोन केला. माल निघालाय म्हणाला. आठ दिवसांनी केला, गाडी गोदामातून सुटली म्हणाला. मग माल सुटला होता पण चुकीचा आला होता, तो परत गेला होता. मग कंपनीकडेच शिल्लक नव्हता. प्रत्येक वेळी आवाज तोच, गोड, आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, की डाक्टर तुमचं काम म्हंजी माझं काम. मीही दर वेळी फोन ठेवताना 'बरं बरं' म्हणायचो. आता त्या 'बरं'चा मला जेवढा राग येतो तेवढा त्याच्या खोटं बोलण्याचा येत नाही.

त्या दिवसांत मी भावाच्या गाडीवर चालवलं. भाऊ पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, साडेचारला घरी यायचा. सातला पुन्हा वहिनीला कंपनीतून आणायला त्याला गाडी लागायची. म्हणजे माझ्या हातात अडीच तास. अडीच तासांत खिंड ओलांडून जायचं, काम करायचं, परत यायचं. एक काम व्हायचं, फार तर दोन. आणि दिवसाला फोन यायचे चारपाच.

रिह्याची मावशी ही माझी जुनी गिऱ्हाईक. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सूसला, घरी ती आणि एक गाय. काळीपांढरी संकरित गाय, शांत, पाय न झाडणारी. दोन वेळचं दूध डेअरीला जायचं आणि त्यावर मावशीचं चालायचं. भाताचं खाचर होतं, पण ते खाण्यापुरतं. ही गाय तीनदा मीच भरवली होती, तिन्ही वेळा पहिल्याच कांडीला गाभण राहिली होती. मावशीकडे गेलो की काम झाल्यावर चहा व्हायचा, मी ओट्यावर बसायचो. तिचा फोन आला की मी कधी नाव बघून उचलत नव्हतो, आवाजावरून ओळखायचो.

गाडी बंद पडल्यावर सहाव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. डाक्टर, गाय सकाळपासनं हंबारतीया, माजावर हाय. मी म्हणालो, संध्याकाळी येतो. दुपारी दुसरा फोन आला, तोही रिह्यातूनच, पण बंगल्यावरून.

बंगला म्हणजे शहरातल्या एका माणसाचं फार्महाऊस. हौसेनं तीन गीर गाई पाळल्या होत्या. माणूस आडदांड. पाच मिनिटं उशीर झाला तर फोनवर आवाज चढवायचा, पशुपालकांच्या मोबाइलच्या ग्रुपवर माझ्याबद्दल चार ओळी खरडायचा, एकदा तर वरच्या ऑफिसला तक्रार करतो म्हणाला होता. त्या दिवशी मी साडेचारला निघालो आणि आधी बंगल्यावर गेलो. रखवालदारानं फाटक उघडायला वेळ लावला, मालकानं आधी पाय धुवायला लावले, मग गाईला धरायला माणूस मिळेना. तिथून निघालो तेव्हा घड्याळात सहा वाजून गेले होते. मावशीचा गोठा तिथून शेताएवढ्या अंतरावर. पण सातला गाडी पोचवायची होती आणि भावाची बोलणी मला खायची नव्हती.

मी मावशीला फोन केला. म्हणालो, मावशी, आज जमत न्हाई, तुमी काय घरच्या, तुमाला सांगायला संकोच न्हाई. ती म्हणाली, असू द्या, तुमचं काम असंल. मी म्हणालो, एकवीस दिवसांनी नक्की येतो, पण तोवर दुसऱ्या कुणाला बोलवू नका, तुमच्या गाईचं मलाच ठावं हाय. हे शेवटचं मी का म्हणालो? कारण खोऱ्यात एक नवा पोरगेला रेतनवाला फिरायला लागला होता आणि माझे दोनतीन गोठे त्यानं घेतले होते. मला आणखी एक गोठा घालवायचा नव्हता. ती म्हणाली, न्हाई बोलवत.

एकवीस दिवस गेले. गाडी शोरूममागे तशीच. तोवर मी एकदा बसनं पुण्याला जाऊन नाना पेठ पालथी घातली. दुचाकीचा जो भाग जगात कुठं मिळत नाही तो नाना पेठेत मिळतो असं आम्ही समजतो. सहा दुकानं फिरलो. सहाव्यात एक म्हातारा दुकानदार होता, त्यानं गाडीचं मॉडेल ऐकून मान हलवली. हा पंप बाहेर येत नाही, कंपनी डीलरलाच देते, म्हणाला. मग विचारलं, जॉब कार्ड नंबर काय तुमचा? मी म्हणालो, कार्ड केलेलं नाही. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की वॉरंटीतला माल कार्डावर मागवतात, कार्ड नाही तर ऑर्डर कुठं पडणार? मी त्याला म्हणालो, आमचा डीलर तसला नाही, घरचा माणूस आहे. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. परतीच्या बसमध्ये मी त्या म्हाताऱ्यावर चिडलो होतो. शेठवर नाही.

दुसऱ्या खेपेला मावशीचा फोन आला त्या दिवशीही असंच झालं. मी फार लांबण लावत नाही. त्या दिवशी बंगल्यावरची दुसरी गाय माजावर होती, मी त्या वाटेनं गेलो आणि त्याच वाटेनं परत आलो. मावशीला फोनवर म्हणालो, माझीच गाडी अडकलीय मावशी, काय करू.  ती म्हणाली, बरं. मला हलकं वाटलं. समजून घेणारी माणसं असली की बरं असतं, असं मी घरी येऊन बायकोलाही सांगितलं.

मग मे महिन्यात आमच्या भाडेकरूची गाडी बंद पडली. खोलीतला हा पोरगा बाहेरच्या राज्यातला, हिंदीत बोलणारा, माझ्यासारखीच गाडी, त्याच शोरूममधून घेतलेली, मीच पाठवला होता त्याला. तेच दुखणं, टाकीतला पंप. मी त्याला धीर दिला, म्हणालो महिना धरून चाल. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात गाडी चालू करून उभा. घुं असा आवाज आला आणि माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला.

मी विचारलं, पंप कसा मिळाला? तो हेल्मेट घालता घालता सांगत होता. पहिल्या दिवशी कार्ड करून घेतलं, दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली, शोरूमला वाईट शेरा दिला, आणि फोन करून म्हणाला की ग्राहक मंचात जातो. संध्याकाळी शोरूमचा फोन, गाडी तयार आहे. पंप कुठून आणला? तो हसला. शोरूममध्ये नव्या गाड्या उभ्या असतात ना काका, त्यातल्या एकीचा काढून लावला. और कहाँ से.

काचेमागे उभ्या असलेल्या त्या आठदहा नव्या गाड्या मी चाळीस दिवसांत कितीदा बघितल्या होत्या. प्रत्येकीच्या टाकीत एकेक पंप होता.

मी अंघोळही केली नाही. भाऊ कामावर गेलेला, म्हणून रिक्षा आणि टेम्पो करत फाट्यावर पोचलो. शेठनं नेहमीसारखी काचेतून खूण केली. मी आत गेलो नाही. काउंटरवरच उभा राहिलो आणि त्या बाईला विचारलं की माझ्या गाडीची ऑर्डर कधी टाकली, तारीख दाखवा. तिनं मान खाली घातली. म्हणाली, सर, कार्डच नाही झालं, मी शेठना दोनदा आठवण केली होती.

शेठ बाहेर आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. विचारलं, पोरग्याला दोन दिवसांत पंप, आणि मला चाळीस दिवस माल निघालाय, माल सुटलाय?

त्याला वाईट वाटलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त झोंबलं. त्याला खरंच कळेना मी कशाला चिडलोय. समजूत घालायच्या आवाजात तो म्हणाला, "आवो डाक्टर, ती बाहेरची लोकं. ती बोंबलत्यात, मोबाइलवर लिवत्यात, मंग मला वरनं फोन येतुया. त्यांचं आदी करावं लागतंय. तुमी काय, घरचं. तुमी कुटं जाताय?"

आमच्याकडे लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणे आधी, सोयरे आधी, गावकी आधी. घरच्यांचे पाट मांडेपर्यंत बुंदी संपलेली असते, आमटीत पाणी ओतलेलं असतं, आणि वाढणारा म्हणतो, चालतंय, घरचेच हायेत. मी स्वतः कितीतरी लग्नांत वाढलं आहे, हे वाक्य मीही म्हटलं आहे. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण ते लग्न आपलं असतं. हे शोरूम माझं नव्हतं. इथं मी गिऱ्हाईक होतो आणि वीस वर्षं शेवटच्या पंगतीला बसून स्वतःला यजमान समजत होतो.

मग मी बोंबललो. आयुष्यात दुकानात उभा राहून असा कधी ओरडलो नव्हतो. खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. म्हणालो, आत्ताच्या आत्ता कार्ड करा, आजची तारीख घाला, नाहीतर घोटवड्यापासून वर जेवढे गोठे आहेत तेवढ्यांत जाऊन सांगतो की ह्याच्याकडून गाडी घेऊ नका. ज्या तोंडानं घ्या म्हटलं त्याच तोंडानं नका म्हणून सांगतो. शेठचा चेहरा तेव्हा पडला. म्हणाला, घरच्या माणसानं असं करावं व्हय? मी म्हणालो, मी घरचा नाही, मी गिऱ्हाईक आहे, मला कागद द्या.

बाईनं कार्ड केलं. मला खुर्चीवर बसायला सांगितलं, नंबर दिला. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. लाल रंगाच्या एका नव्या गाडीची टाकी उघडली गेली, पंप निघाला, माझ्या गाडीत बसला. सगळं मिळून एक तास लागला. एका तासाच्या कामाला मी चाळीस दिवस दिले होते आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी गोडीत बोललो होतो.

सही करून, कागद खिशात घालून निघालो. घरी गेलो नाही. अंगात राग होता तसाच, पण त्यात एक फुशारकीही होती. आणि डोक्यात हिशोब चालू होता, मावशीच्या गाईचा. दुसरा माज होऊन तेरा दिवस झालेले, म्हणजे तिसरा यायला आठ राहिले. ह्या वेळी फोनची वाट बघायची नाही, सहाव्या दिवसापासूनच रोज चक्कर मारायची. अजून काही बिघडलेलं नव्हतं. मी रिह्याचा रस्ता धरला. गाडी छान चालत होती.

गोठ्यात गाय नव्हती. मला वाटलं चरायला सोडली असेल. मावशी ओट्यावर सुपात बियाण्याचं भात निवडत बसली होती. मी गाडी लावली, म्हणालो, मावशी, झाली गाडी दुरुस्त, गाय कुटंय?

"शनवारी चाकणच्या बाजाराला दिली," ती म्हणाली.

 खरं सांगतो, मला पहिल्यांदा तिचाच राग आला. म्हणालो, आठ दिसांत माजावर आली असती मावशी, थोडं थांबायचं. मला फोन करायचा.

"दोन डाव केला की."

मी म्हणालो, मग दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं. तिनं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, तिला तो चढवता येतच नाही.

"तुमीच नगं म्हणला व्हता. पोरगी म्हणत व्हती, त्या नव्याला बोलीव. मी म्हणलं, डाक्टर घरचं हायेत, थांबू. दूध आटलं, पेंढा संपत आला. भाकड जनावर किती दिस वडायचं एकट्या बाईनं?"

मग तिनं मानेनंच समोर दाखवलं. खाचरांच्या पलीकडे बंगल्याचं लोखंडी फाटक दिसत होतं, हिरव्या रंगाचं. इतक्या वर्षांत त्या ओट्यावर मी शंभरदा बसलो असेन, ते इथून दिसतं हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"दोनी डाव तितं व्हता तुमी," ती म्हणाली. "मी हितं गाय धरून उभी व्हते. वाटलं, तितलं झालं की येत्याल."

मी बोलायला लागलो. म्हणालो, ती लोकं बोंबलत्यात मावशी, लगेच मोबाइलवर लिवत्यात, त्यांचं आदी करावं लागतंय, तुमी काय... आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. हेच सगळं मी दोन तासांपूर्वी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यासाठी त्याच्या शोरूममध्ये थयथयाट केला होता. त्याला निदान मी ओरडल्यावर तरी कळलं होतं.

मावशीनं माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघितली. ते होत नाही म्हटल्यावर म्हणाली, "म्हंजी मी बोंबलाय पायजे व्हतं."

ती आत गेली आणि चहा करून आली. दूध डेअरीतून आणलेल्या पिशवीचं होतं. वीस वर्षांत त्या घरात मी पिशवीच्या दुधाचा चहा प्यायलो नव्हतो. मी विचारलं, पावसाळ्यानंतर दुसरी गाय घेणार का. बघू, म्हणाली. मी विचारलं, घेतली तर मला बोलवाल का. ती पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली आणि भात निवडू लागली.

चहा संपला. तिच्याकडे मी कप स्वतःच रांजणाशी नेऊन विसळायचो, काही सांगावं लागायचं नाही. तसाच उठलो. तेवढ्यात ती सूप ठेवून पुढे आली आणि माझ्या हातातून कप काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं," ती म्हणाली. "मी विसळते."

इतकी वर्षं ती मला डाक्टर म्हणत होती. पाव्हणं आमच्याकडे कुणालाही म्हणतात.